नीराबाईचा मोंबासाचा मुक्काम

मोंबासाहून सुट्टीवर आलेला एक खलाशी आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरला आणि स्वतःच्या घरी जायच्या आधी नीराबाईच्या दारात आला. नीराबाईची लेक कोकिळा तिकडे आफ्रिकेत नवऱ्याजवळ राहत होती. जावई, सदा, मोंबासाच्या बंदरात फिटर होता. खलाशाने निरोप सांगितला तो एवढाच : कोकिळाला दिवस गेलेत, पाऊस सुरू होताना बाळंत होईल, आणि आयेला बोलावलंय.

नीराबाई खळ्यावर जवळा पसरत होती. तिने हात झटकले, खलाशाला पाणी दिलं, चहा ठेवला. गेल्या खेपेला कोकिळाचं मूल सातव्यात गेलं होतं. तेव्हा तिच्याजवळ शेजारची एक गुजराती बाई सोडली तर कोणी नव्हतं. सदाला आई नव्हती, बहीण नव्हती.

संध्याकाळी तिचा नवरा शिवदास तांडेल होडी लावून घरी आला तेव्हा नीराबाईचं ठरून गेलं होतं.

"मोंबासाला जायचं," ती म्हणाली. "तुमी आनि मी."

"मोंबासा काय समोरची दिघी हाय, तरीत बसून जायला?"

"पोरीला नववा लागायच्या आत पोचायचं. पोर मान धरीपर्यंत राहायचं. मग यायचं."

शिवदास चाळीस वर्षं समुद्रावर होता. वादळात दोनदा सापडून परत आला होता. पण कचेरीची पायरी तो टाळायचा. साहेब, कारकून, शिक्के, सह्या, यांच्यापुढे त्याचा आवाज बसायचा. म्हणून त्याने सल्ल्याला काळूरामला बोलावलं. काळूराम पूर्वी मोठ्या आगबोटींवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होता, सगळी बंदरं पालथी घातलेला, आणि ते तो कोणाला विसरू देत नसे.

"सोप्पं हाय," काळूराम मांडी ठोकून म्हणाला. "उतरताना गोरा साहेब इचारतो, किती दिवस? आपन म्हनायचं, पंधरा दिवस, फिरायला आलो. एकदा बंदराच्या भायेर पडलात की कोन मोजतोय? लोकं वर्सं-वर्सं राहिलीत तिकडं."

"आनि सापडलो तर?" नीराबाईने विचारलं.

"तर परत पाठवतील. तसंही परत यायचंच हाय ना तुमाला?"

"मला पुन्हा जायचं असंल तर? कोकिळाला काय एकच पोर होनार हाय?"

 काळूराम म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू.

नीराबाईला तेव्हाचं तेव्हा बघायचं नव्हतं. तिने त्या खलाशाला पुन्हा गाठलं आणि खोदून खोदून विचारलं. पाहुण्यांना बहुतेक तीन महिन्यांचा पास मिळतो, हे तिला कळलं. मुदत संपायच्या आत जाऊन विनंती केली तर वाढवूनही मिळतो. तिकडचा कोणीतरी जामीन राहावा लागतो, ते सदाने करावं. देवी टोचून घ्याव्या लागतात, परत येताना पीतज्वराची लसही लागते. नीराबाईने मनाशी हिशेब मांडला. फार लवकर गेलं तर बाळंतपणाच्या आधीच निम्मा पास खर्च होणार. फार उशिरा गेलं तर पोरीला नववा लागून जाणार. अक्षयतृतीयेनंतरची बोट धरली तर बरोबर मध्यावर बाळ येतं. शिवाय तोवर पावसाआधी होडी किनाऱ्यावर ओढायचे दिवस आलेले असतात, म्हणजे तांडेलालाही निमित्त उरत नाही.

पासपोर्टासाठी अर्ज गेला आणि दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी पोलीस हवालदार कोळीवाड्यात येऊन शिवदास तांडेलाचं घर विचारू लागला. दारूबंदीचे दिवस होते. हवालदार दिसताच दोन घरांची मागची दारं लागली आणि एका घरातून काहीतरी भराभर वाळूत पुरलं गेलं. शिवदास स्वतः निर्दोष असूनही जाळ्याच्या ढिगाआड जाऊन बसला.

"तांडेल कुठाय?"

"समुद्रावर," शेजारीण सोनूबाई म्हणाली.

"होडी तर हितंच हाय."

"मग पोहायला गेला असंल."

शेवटी नीराबाईने नवऱ्याला ढिगाआडून बाहेर काढलं. हवालदाराला फक्त एवढंच पाहायचं होतं की हा माणूस इथलाच आहे का आणि त्याच्यावर काही गुन्हा आहे का. त्याने चार प्रश्न विचारले, ताजे बोंबील तळून घातले ते खाल्ले आणि गेला. तो गेल्यावर शिवदास म्हणाला, "बघ, जायच्या आधीच पोलीस मागं लागला." पण पुढे महिन्याभरात पासपोर्ट आले, आणि फोटोतला स्वतःचा चेहरा पाहून तो इतका खूश झाला की दोन दिवस सगळ्या वाडीला दाखवत फिरला.

बोटीवर जागा डेकवरची होती. समुद्र शांत होता, पण शिवदास नाराज. त्याच्या मते कप्तान बोट चुकीच्या बाजूने वारा घेऊन चालवत होता. आगबोटीला वाऱ्याशी देणंघेणं नसतं हे एका पंजाबी सहप्रवाशाने त्याला समजावलं, ते त्याने ऐकून घेतलं आणि मानलं नाही. नीराबाई आपल्या बोचक्यांवर बसून होती. बोचकी सात होती. दुपटी, कुंच्या, अळीव, डिंक, खारीक, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, आणि दोन पोती सुकी मासळी. डेकवरच्या लोकांनी दुसऱ्या दिवशीच तिच्या भोवती चांगली मोकळी जागा सोडली होती.

मोंबासा आलं. नारळीची झाडं पाहून शिवदासला जरा धीर आला. "आपल्यासारखंच हाय की," तो म्हणाला. पण इमिग्रेशनच्या टेबलापाशी रांग सरकू लागली तसा त्याचा धीर पुन्हा सुटला. टेबलामागे गोरा साहेब होता आणि शेजारी मिस्किता नावाचा गोवेकर कारकून. मिस्किता कोंकणीत बोलायचा, पण सावकाश बोलला की दोघांनाही सगळं समजत होतं.

"किती दिवस राहणार?" मिस्किताने विचारलं.

"पंधरा दिवस. फिरायला," शिवदास एका दमात म्हणाला. बोटीवर तो हे वाक्य रोज घोकत होता.

साहेबाने बोचक्यांकडे पाहिलं. मग पोत्यांकडे. मग नाकाला रुमाल लावून मिस्किताच्या कानाशी काही म्हणाला.

"साहेब विचारतात, पंधरा दिवसांत हे सगळं तुम्ही खाणार?"

 नीराबाई पुढे झाली.

"पंधरा दिवस न्हाय. ते घाबरलेत म्हनून तसं बोलले. लेक गरोदर हाय. तिचं बाळंतपन करायला आलेय. पास जेवढा देता तेवढा राहीन. कमी पडला तर तुमच्याकडंच येऊन मागीन. लपून राहनार न्हाय."

मिस्किताने हे इंग्रजीत सांगितलं. साहेबाने शिवदासकडे बोट दाखवून काही विचारलं.

"साहेब म्हणतात, दोघांपैकी कोणाचं खरं धरू?"

"तिचं," शिवदास म्हणाला.

बाहेर जामिनाचे कागद घेऊन सदा उभाच होता. तीन महिन्यांचे पास मिळाले. साहेबाने शिक्का मारताना बजावलं ते मिस्किताने दोनदा सांगितलं : पाहुणे म्हणून आलात, पाहुणे म्हणून राहा. इथे कामधंदा करायचा नाही.

"काम कसलं करतोय," शिवदास म्हणाला. "मी तर विसाव्याला आलोय."

कोकिळा बंदराजवळच्या चाळीसारख्या घरात राहत होती. पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले. आयेला दारात पाहिलं आणि ती इतकी रडली की सदा घाबरून डॉक्टर आणायला निघाला. नीराबाईने त्याला थांबवलं, पदर खोचला आणि त्या घराचा ताबा घेतला. जून महिन्यात एका पहाटे कोकिळाला मुलगी झाली. चांगली वजनदार, आवाजाला खणखणीत. बाराव्या दिवशी बारसं झालं. शेजारच्या गुजराती बाईने पाळण्याची दोरी धरली आणि मुलीचं नाव ठेवलं केसर. नीराबाईने त्या बाईला पोटभर जेवू घातलं, आणि गेल्या खेपेला पोरीजवळ होतीस म्हणून तिचे दोन्ही हात धरले. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. पण त्या दिवसापासून दोघींची रोज तासभर बैठक जमू लागली.

इकडे शिवदासला काही उद्योग नव्हता. घरात बाळंतिणीची शेक-शेगडी, धुरी, बायकांची ये-जा. तो सकाळीच बाहेर पडायचा आणि जुन्या बंदरावर जाऊन बसायचा. तिथे शिडाची गलबतं लागायची, कच्छी, अरबी, तिथलीही. आणि शिवदासला आश्चर्य वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आगरदांड्याला या दिवसांत होड्या किनाऱ्यावर झावळ्या पांघरून पडलेल्या असायच्या, आणि इथे खडकांच्या आतल्या शांत पाण्यात लोक खुशाल मासेमारी करत होते.

तिथे त्याची गाठ बकारीशी पडली. बकारी तिथलाच कोळी, शिवदासच्याच वयाचा. तरुणपणी कच्छी जहाजांवर काम केल्याने मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायचा. पहिल्या दिवशी तो शीड शिवत होता ते त्याने शिवदासला पाहू दिलं. दुसऱ्या दिवशी शिवदासने त्याच्या हातातली सुई काढून घेतली, कारण टाका त्याला पटला नाही. आठवड्याभरात दोघं असे बोलू लागले जसे एकाच वाडीत वाढलेत. मग एका सकाळी बकारीचा सुकाणूवाला तापाने पडला.

"शिवा," बकारी म्हणाला, "चलेगा?"

शिवदासने एकदा पाण्याकडे पाहिलं. पुढचं पाऊल त्याने विचार करून टाकलं असं म्हणता येणार नाही.

त्या दिवशी त्याने तांबोशी आणली, मोठी, लालबुंद. नीराबाईने विचारलं, कुठून आणली? तो म्हणाला, बंदरावरून. दुसऱ्या दिवशी सुरमई आली. तिसऱ्या दिवशीही मासळी आली. घरातलं मासळीचं खाणं सुधारलं आणि शिवदासचा चेहराही. तो गुणगुणू लागला. केसरला मांडीवर घेऊन तिला दर्याचे वारे समजावू लागला. नीराबाईला शंका यायला हवी होती, असं ती पुढे म्हणायची. पण नातवंड पदरात असलं की बाईचं लक्ष दुसरीकडे कुठून जाणार?

जुलै संपत आला होता. पासची मुदत वाढवून मागायला दोघांनी येत्या सोमवारी जायचं ठरलं होतं. त्याच्या आधीच बंदर पोलिसांच्या लाँचने बकारीची होडी थांबवली. नेहमीची तपासणी होती. सुकाणूवर धोतर-बंडीतला एक अनोळखी माणूस दिसला तेव्हा शिपायाने त्याला कागद विचारले. शिवदासने कमरेचा पासपोर्ट काढून दिला. तो कायम जवळ बाळगायचा, फोटोसाठी. शिपायाने पास पाहिला आणि सांगितलं, उद्या इमिग्रेशनच्या कचेरीत हजर व्हा.

संध्याकाळी सदाला कळलं. सासऱ्याशी तो आजवर कधी वर मान करून बोलला नव्हता.

"बाबा, जामिनाच्या कागदावर माझी सही हाय. तुमी काम करताना सापडलात म्हंजे मी बोलाला खोटा ठरलो. उद्या मलाच म्हनले, चल इथून, तर? ह्या दोघींना घेऊन मी कुठं जाऊ?"

शिवदासला याचा विचारच सुचला नव्हता. त्याची मान खाली गेली. "मला वाटलं, मासे मारनं म्हंजे काय काम?" तो पुटपुटला. "ते तर आपन करतोच."

कोकिळा पोरीला थोपटत राहिली. नीराबाई मात्र थोड्या वेळाने हसू लागली. कोणाला कळेना काय झालं. "आयुष्यभर मला सांगत आले, दर्यावर मरमर काम करतो," ती म्हणाली. "आनि आता म्हनतात, ते काम न्हवं."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर गेली. वाटेत शिवदास म्हणाला, "सांगून टाकतो, नुसता बसलो होतो."

"काळूरामदादाचं ऐकून एकदा बोललात ना पंधरा दिवस? काय झालं?"

शिवदासने कमरेचा पासपोर्ट चाचपला आणि चालू लागला.

टेबलामागे तोच साहेब होता आणि शेजारी मिस्किता. मिस्किताने दोघांना ओळखलं आणि बसायला सांगितलं. साहेबाने विचारलं, मिस्किताने कोंकणीत फिरवलं : होडीवर होता तेव्हा मजुरी घेतली का?

"न्हाय," शिवदास म्हणाला. ते खरंच होतं.

मिस्किताचा चेहरा खुलला. तो मदत करायला उतावीळ दिसत होता. "म्हणजे मजा म्हणून गेला होतात. मित्राबरोबर, फिरायला. असंच ना?"

शिवदासने नुसती मान हलवली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मजा हा शब्द त्याला लागला.

"मजेला मी होडीत चढत न्हाय," तो म्हणाला, आणि कचेरीत पहिल्यांदाच त्याचा आवाज बसला नाही. "सुकाणू माज्या हाती होतं. होडी मी नेली आनि मीच आनली. फुकटचा मासा मी घरी आनलेला न्हाय. वाटा घेतला, बाकीच्यांच्या बरोबरीनं."

मिस्किता थबकला. त्याने नीराबाईकडे पाहिलं. "हे सांगू?"

"सांगा," नीराबाई म्हणाली. "ते जसं बोलले तसंच सांगा. आनि हे पन सांगा, की जावयाला ह्यातलं काय ठाऊक न्हवतं. आनि आमी सोमवारी तुमच्याकडंच येनार होतो, मुदत मागायला."

साहेबाने सगळं ऐकलं. लेखणी खाली ठेवली. मग नीराबाईकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हीही इथे काही काम करता?"

"लेकीचं बाळंतपन."

"त्याचे पैसे मिळतात?"

यावर नीराबाईने जे उत्तर दिलं ते मिस्किताने जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावरून साहेबाला पुरेसं समजलं असावं, कारण त्याने घाईघाईने पुढचा कागद ओढला.

निकाल असा झाला. शिवदासने पास असताना काम केलं हे त्याने स्वतः कबूल केलं. पण लबाडी केली नाही, आणि बाळंतीण घरात आहे. म्हणून दंड नाही, जामिनाला धक्का नाही. मात्र त्याने मुदतीच्या आत, पहिल्या बोटीने परत जावं. बाईंना आणखी दोन महिने राहू द्यायला हरकत नाही.

दोघं रस्त्यावर आले. शिवदास म्हणाला, "मला हाकललं."

"हाकललं न्हाय. मुदत हाय तवर चाललाय. शिक्का सरळ पडलाय, मी बघितला."

"आनि तू राहनार?"

"मी राहनार."

"तुला एकटीला बोटीनं यायला जमंल?"

"तुमाला एकट्याला घरी राहायला जमंल का ते सांगा," नीराबाई म्हणाली.

तो प्रश्न खरा होता. शिवदासला भात शिजवता येत नव्हता. जायच्या आधीच्या आठ दिवसांत नीराबाई आणि कोकिळाने मिळून त्याला शिकवलं. पहिला भात खळ झाला, दुसरा करपला, तिसरा शेजारच्या गुजराती बाईने चाखला आणि तोंडावर पदर धरून पळाली. निघायच्या दिवशी बकारी बंदरावर आला. सुकाणूवाला बरा झाला होता, पण बकारी म्हणाला तो तुझ्यासारखा नाही. दोघं काही वेळ शेजारी उभे राहून येणारी गलबतं बघत होते आणि कोणत्या गलबताचं शीड चुकीचं बांधलंय यावर एकमत करत होते. मग भोंगा झाला. केसरला आज्याच्या हातात दिली तेव्हा तिने त्याची मिशी धरली आणि सोडेना. सदाने वाकून सासऱ्याच्या पायाला हात लावला. शिवदासने त्याला उठवलं आणि म्हणाला, "तुजी सही मी वाया घालवनार होतो, पोरा. पुन्हा तसं व्हायचं न्हाय."

पावसातला दर्या बोटीला हलवत होता. डेकवरचे सगळे आडवे पडले होते, शिवदास एकटा कठड्याशी उभा राहून मजेत होता. नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी तो आगरदांड्याला पोचला. होडी पाण्यात लोटायला सगळी वाडी जमली तेव्हा काळूरामने त्याला विचारलं, "काय तांडेल, पंधरा दिवस म्हनालास ना?"

"म्हनालो," शिवदास म्हणाला. "तुजं डोकं बंदराच्या भायेर चालत असंल. आत चालत न्हाय."

नीराबाई मोंबासात मजेत होती. केसरने मान धरली, कुशीवर वळली, आजीचा आवाज ओळखून हसू लागली. कोकिळाच्या गालांवर रंग आला. ती स्वतः बाजारात जाऊ लागली, परक्या बायकांशी भाव करू लागली. मुदत संपायला आली तेव्हा कोकिळा म्हणाली, "आये, अजून एकदा मागून बघू या ना. देतील."

"देतील पन," नीराबाई म्हणाली. "पन आता माज्याबिगर तुला जमतंय. मला तुजी गरज लागायच्या आत जाऊ दे."

तिने पीतज्वराची लस टोचून घेतली, तिकीट सदाकडून काढवलं, आणि निघायच्या आधी एकटीच कचेरीत जाऊन मिस्किताला भेटली. तिला एकच गोष्ट विचारायची होती. त्याने साहेबाला विचारून उत्तर सांगितलं. मग बोटीवर चढली. येताना जिच्या भोवती कोणी बसत नव्हतं ती जाताना अशी जागा शोधून बसली की तीन बायका आणि त्यांची पोरं तिच्या भोवती गोळा झाली. कोणाला उलटीवर ओवा दिला, कोणाचं पोर झोपवलं. कचेऱ्यांचं विचाराल तर मुंबईत उतरेपर्यंत अर्ध्या डेकला तिने समजावून सांगितलं होतं, की मुदत आधीच कशी मागायची आणि खोटं का बोलायचं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला ती मुंबईला पोचली. शिवदास गोदीच्या दाराशी उभा होता, धुतलेली बंडी घालून, जरा वाळलेला. भात त्याला अजून जमत नव्हता. सोनूबाईने त्याला जेवू घातलं होतं आणि त्याबद्दल रोज दोन शब्द ऐकवले होते.

दोघं आगरदांड्याच्या लाँचमध्ये बसले. खांदेरीचं बेट मागे पडलं. वारा पडला होता, पाणी तेलासारखं सपाट. नीराबाई नातीचं सांगत होती आणि तो ऐकत होता. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "माजं काय बोलले का ते?"

"विचारलं मी. साहेब म्हनाला, तुमचा नवरा पुन्हा येऊ शकतो."

शिवदास सरळ झाला. "व्हय?"

"व्हय. पास मिळंल. पन होडीत चढायचं न्हाय."

त्याने लाँचच्या सुकाणूकडे एकदा पाहिलं.

"किनाऱ्यावर उभं राहून बकारीला सांगितलेलं चालतंय का, शीड कसं बांधायचं?"

"ते मी विचारलं न्हाय," नीराबाई म्हणाली. "पुढच्या खेपेला तुमीच विचारा."

"विचारतो," शिवदास म्हणाला, आणि लाँच चालवणाऱ्या पोऱ्याला सुकाणू जरा डावीकडे घ्यायला सांगितलं.